बेचाळीस दिवसांचा तह

सर्व जाणत्या-नेणत्या रयतेस, जे बोटीत बसतात त्यांस आणि जे बोट नुसती पाहूनच मळमळतात त्यांसही विदित व्हावे. राजे आले आणि गेले, बंदरे बांधली गेली आणि गाळाने बुजली, परंतु समुद्र आहे तो आहेच, आणि त्या समुद्राच्या पोटात, पाच पुरुष खोलीवर, हिरव्या गवताचे एक कुरण आहे. त्या कुरणासाठी जी मोहीम जाहली, तीत रक्ताचा थेंब सांडला नाही, चहा मात्र पुष्कळ सांडला. ती मोहीम कैसी उभी राहिली, कैसी बुडाली आणि मग कैसी फत्ते जाहली, हा मजकूर जैसा घडला तैसा येथे लिहिला आहे. पदरचे मीठ घातले असेल तर ते चवीपुरतेच.

मोहिमेचे नायक हाळीआबा. मासळीबाजाराच्या दगडी चौथऱ्यावर उभे राहून एकतीस वर्षे त्यांनी लिलाव पुकारला, आणि त्यांची हाळी ऐसी की, बंदरात शिरणारी गलबते भोंग्याऐवजी तिचाच रोख धरीत. इतर बाजारांत भाव चढत जातो, या बाजारात तो उतरत येई. आबा उंच आकड्यापासोन आरंभ करीत आणि पायरी-पायरीने खाली येत, आणि ज्याने प्रथम खूण केली, माल त्याचा. फार लवकर खूण केली तर गिऱ्हाईक बुडाले आणि उशीर केला तर माल शेजाऱ्याने नेला, सबब आबांचा आकडा उतरू लागला की भल्याभल्यांच्या कपाळी घाम येई. आणि धक्क्याचा कायदा एकच होता, तो कोठे लिहिलेला नव्हता आणि कोणी मोडलेला नव्हता: केलेली खूण परत घ्यावयाची नाही.

मग बाजारसमितीच्या मनात आले आणि भिंतीवर लाल आकड्यांची विजेची पाटी बसली. आकडे आपोआप उतरू लागले आणि आबांस एक भिंतीवरचे घड्याळ देऊन निरोप जाहला. चार वर्षे तो आवाज घरात कोंडला गेला. ताटातील पावाच्या शेवटल्या तुकड्याचाही ते लिलाव पुकारीत आणि घरधनीण, जी त्या महालाची खरी मुखत्यार, ती पहिल्याच आकड्यास तो तुकडा उचलून नेई.

ऐसे असता सागररक्षक मंडळाने बाजाराच्या भिंतीवर एक जाहीरनामा चिकटविला. प्रवक्ता पाहिजे, बिनपगारी, वर्तमानपत्रे व टीव्हीवाले यांच्याशी बोलण्याची तयारी असावी. आबांस अक्षरे पन्नाशीनंतर आली होती, तीही घरधनिणीने स्वयंपाकघराच्या ओट्यावर पीठ पसरून शिकविलेली. त्यांनी तो कागद बोट ठेवीत वाचला, पुन्हा वाचला, आणि मग खाली लिहिलेल्या एका शब्दापाशी बोट थांबले. तो शब्द माकूल. दहा हातांचा, शाई उडवणारा तो प्राणी आबांच्या उमेदीच्या काळात एका सकाळी साठ खोकी भरून येई, आणि शेवटच्या वर्षी चार. ती सर्व खोकी आबांनी स्वतःच्या तोंडाने विकली होती. विकणाऱ्याचे तोंड हेच होते, तर आता सांगणाऱ्याचेही हेच असू द्यावे, ऐसा मनसुबा करोन आबा मंडळाच्या कचेरीत दाखल जाहले.

मंडळाच्या अध्यक्षपदी दंतवैद्यीणबाई विराजमान होत्या, ज्यांच्यापुढे मोठमोठे मातब्बर तोंड उघडतात आणि बोलू मात्र काही शकत नाहीत. त्यांच्या उजव्या हातास पाणबुडीबाई. त्या रोज सकाळी पाठीवर हवेची टाकी बांधून तळास जात आणि पाटीवर नोंदी करून वर येत. समुद्राखालचे सर्व त्यांस ठाऊक, परंतु कॅमेरा समोर आला की त्यांची वाचा तळास जाई आणि त्या तेवढ्या वर राहात. उभयतांनी आबांस सरदारकी दिली आणि मानाची वस्त्रे म्हणून माशाचे चित्र असलेला एक टीशर्ट दिला. तो दोन माप लहान होता. आबांनी तो घातला, आणि माशास पोट सुटल्यासारखे दिसू लागले.

आता लढाईचे कारण. माकूल त्या गवताच्या पात्यांस अंडी बांधतो, काळ्या द्राक्षांच्या घडांसारखी, आणि ती त्या वर्षीही नुकतीच बांधून जाहली होती. हंगाम सुरू होणार, पन्नास सहलबोटी येऊन त्याच कुरणावर नांगर टाकणार, नांगर गवत मुळासकट उपटणार आणि घडही त्याबरोबर जाणार. दहा मिनिटे इंजिन चालविले तर पलीकडे नुसत्या वाळूचा तळ होता, तेथे नांगर टाकल्यास कोणाचे काही जात नव्हते. परंतु बोटवाले ऐकेनात. बंदर अधिकारी म्हणजे दोन्ही बाजूंस हसून पाहणारा मनुष्य. त्याने फर्मावले की, सोमवारपर्यंत उभय पक्ष किती दिवसांवर राजी आहेत तो एक आकडा आणून द्यावा, म्हणजे मी हुकमावर सही करतो. आकडा न आल्यास यंदा काही होणे नाही.

किती दिवस मागावे, याची मसलत बसली. पाणबुडीबाईंनी सांगितले की घड उघडण्यास चाळीस दिवस लागतात. दंतवैद्यीणबाईंस चाळीस फार वाटले, त्यांनी पस्तीस म्हटले, मग बोटवाले पस्तीस तरी कशास ऐकतील, ऐसा विचार निघाला आणि कागदावर तीस लिहिले गेले. आबांस हे ऐकवेना.

"गिऱ्हाईक अजून चौथऱ्यापाशी आलेलं नाही," ते म्हणाले, "आणि आपण आपले दोन पायऱ्या खाली उतरलो?"

"आबा, हे मासे विकणं नाही," दंतवैद्यीणबाई म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी. मासे बर्फात तरी टिकतात."

परंतु बहुमत तीसचे पडले, आणि आबा शिस्तीचे मनुष्य, त्यांनी ते शिरसावंद्य मानले.

पहिली चढाई वर्तमानपत्रांवर जाहली. सर्व वार्ताहरांस बोलावणी गेली, पोहण्याच्या क्लबाची खोली घेतली, बारा खुर्च्या मांडल्या, आणि आला एकच वार्ताहर, तोही ज्याच्याकडे बाजारभावाचे सदर होते, कारण आबांस ओळखणारा तोच. आबा उभे राहिले, कागद हाती घेतला, आणि एकतीस वर्षांची सवय जिभेवर चढली. गवत, घड, नांगर, पन्नास बोटी, साठ खोकी, चार खोकी, तीस दिवस, सर्व एका श्वासात गेले, पाऊण मिनिटात भाषण संपले आणि वार्ताहराची लेखणी पहिल्या ओळीवरच होती. दुसरे दिवशी बातमी छापून आली. कांदा आणि कोळसा यांच्या मध्ये, बारीक टायपात, 'समुद्री गवत: तीस. आवक कमी.' दुपारपर्यंत मंडळाच्या कचेरीत दोन फोन आले, आणि दोघेही विचारीत होते की पोती आपली आणावी की तिकडून मिळतात.

ही शिकस्त मोठी जाहली. दंतवैद्यीणबाईंनी फर्मान काढले की, सरदारकी काढून घ्यावी. आबांनी टीशर्टची घडी करून मेजावर ठेवली, आणि ती घडी पाहून पाणबुडीबाईंचे मन द्रवले. त्या म्हणाल्या, शनिवारी संध्याकाळी स्थानिक टीव्हीवर बोटमालकांच्या पुढाऱ्यासमोर बसावयाचे आहे. मी बसले तर मुकी होईन, आणि अध्यक्षबाईंकडे त्या वेळी दाढेचे काम आहे, तर जाणार कोण? सबब दुसरे फर्मान निघाले. आबांस शेवटची संधी. कागदावर तीन वाक्ये लिहून दिली जातील, ती सावकाश म्हणावी, चौथे वाक्य उच्चारू नये, आणि चौथे उच्चारल्यास टीशर्ट परत.

घरी तालीम सुरू जाहली. घरधनिणीने वाटाण्याच्या शेंगांची रास मेजावर ओतली आणि आबांस समोर बसविले.

"तुम्ही बोलता तेव्हा वाटतं, कोणीतरी तुमच्या मागे लागलंय," ती म्हणाली. "कोणीही लागलेलं नाही. एक शेंग सोलायची, एक शब्द बोलायचा. मग दुसरी शेंग."

तीन दिवस वाटाणे सोलले गेले. तीन दिवस त्या घरात दुसरे काही खाण्यास मिळाले नाही. शुक्रवारी सायंकाळी आबांनी तिन्ही वाक्ये ऐसी म्हटली की, घरधनिणीने टोपलीवर हात ठेवून पुरे म्हटले, आणि मग थोडे थांबून विचारले, की टीशर्ट परत गेला तर एवढं वाईट का वाटेल तुम्हाला, अंगात तर शिरत नाही. आबांनी एक शेंग उगाच सोलली.

"तो आवाज मी माल संपवायला वापरला गं," ते म्हणाले. "एकदा तरी राखायला वापरून बघू दे."

शनिवार उजाडला आणि मावळतीस आला, आणि आबांची स्वारी बसने स्टुडिओकडे कूच करती जाहली. तेथे एका मुलीने त्यांच्या नाकास पावडर लावली, हा प्रसंग त्यांच्या आयुष्यात पहिलाच, आणि टीशर्टवरच्या माशाच्या ओठास माइक अडकविला. समोरच्या खुर्चीत गनीम बसला होता.

गनीम म्हणजे सुकाणूशेट, पन्नास बोटींचे पुढारी, पांढरा सूट, अत्तराचा घमघमाट, आणि शब्द ऐसा की त्यांनी हो म्हटले तर पन्नास बोटी हो म्हणत. परंतु शेट जन्मतः शेट नव्हते. बोटी घेण्यापूर्वी वीस वर्षे ते एका मोठ्या हॉटेलासाठी मासळी खरीदीत, आणि रोज पहाटे बाजाराच्या तिसऱ्या खांबास टेकून उभे राहात. इतर गिऱ्हाइके हात वर करीत. शेट डाव्या कानास बोट लावीत, म्हणजे शेजाऱ्यास कळू नये. ती खूण ओळखणारा अवघ्या बाजारात एकच मनुष्य होता, तो चौथऱ्यावर उभा असे. एकदा तर डास चावला म्हणून शेटजींनी कान खाजवला, आणि बर्फ वितळलेली तीस खोकी त्यांच्या नावे पडली. शेटजींनी ब्र काढला नाही, खोकी उचलली आणि नेली. खूण ती खूण.

"काय आबा, आवाज आहे ना अजून?" शेटजींनी विचारले.

"आहे. वापरात नाही इतकंच."

मग दिवे लागले. निवेदिकेने प्रथम आबांस बोलते केले, आणि आबांनी मांडीवर रिकाम्या हवेत शेंगा सोलीत पहिले वाक्य म्हटले, की गवतात माकुलाची अंडी आहेत. मग दुसरे म्हटले, की नांगराने ती उपटली जातात आणि वाळूचा तळ दहा मिनिटांवर आहे. दोन्ही वाक्ये सावकाश, ठळक आणि शोभिवंत उतरली. तिकडे दवाखान्यात दंतवैद्यीणबाई एका डोळ्याने दाढ आणि एका डोळ्याने टीव्ही पाहात होत्या, त्यांनी मान डोलविली. इकडे शेटजींनी आपली बाजू गोड शब्दांत मांडली, की आमचे बाप तेथेच नांगर टाकीत, पाहुण्यांस तीच जागा आवडते, आम्हांस समुद्र प्राणाहून प्रिय आहे, परंतु जागा सोडणे एक दिवससुद्धा शक्य नाही.

निवेदिका आबांकडे वळली. "मग तुम्हाला नेमके किती दिवस हवेत?"

तिसरे वाक्य कागदावर होते. त्यात तीस होते. आबांनी तोंड उघडले, आणि तीस हा आकडा घशापर्यंत येऊन तेथेच अडून बसला, कारण एकतीस वर्षांत त्या घशातून लिलावाचा शेवट कधी आरंभास निघाला नव्हता. मांडीवरची शेंग सुटली, पाठ ताठ जाहली, छाती फुगली, माशाचे पोट ताणले.

"नव्वद," आबा म्हणाले.

दवाखान्यात दाढेचे यंत्र थांबले. रुग्णाने आ वासला असता, परंतु तो आधीच वासलेला होता.

निवेदिका काही विचारणार, इतक्यात पंचाऐंशी आले, आणि ऐंशी, आणि मग चौथरा नव्हता, बाजार नव्हता, तरी ती जुनी हाळी स्टुडिओच्या भिंतींवर आदळू लागली, आणि ध्वनियंत्रावर बसलेल्या मनुष्याने कानावरचे फोन काढून हातात धरले. पंचाहत्तर, सत्तर, पासष्ट. मासळीबाजाराच्या चहाच्या टपरीवर टीव्ही चालू होता, तेथील गिऱ्हाइकांनी पेले खाली ठेवले, कोणी सांगितले नसता उभी राहिली, आणि तिसऱ्या खांबाकडे पाहू लागली, जेथे कोणीच नव्हते. साठ, पंचावन्न. शेटजी आरंभी हसत होते. मग त्यांनी हसणे थांबविले. मग ते खुर्चीत थोडे डावीकडे कलले, जैसे एखाद्या खांबास टेकावे तैसे.

ते कलणे आबांनी पाहिले. येथपर्यंत जे जाहले ते सवयीने जाहले होते, हे कबूल केले पाहिजे. येथून पुढे जे जाहले ते इल्माने. पन्नासपासोन त्यांनी पायऱ्या लहान केल्या. अठ्ठेचाळीस. सेहेचाळीस. आवाज खाली आणला, म्हणजे ऐकणाऱ्यास वाटावे की माल आता दुसऱ्याचा होणार. चव्वेचाळीस. आणि मग, शेटजींसाठी ते वीस वर्षे घेत तैसा, एक बारीक श्वास.

"बेचाळीस."

शेटजींचे बोट डाव्या कानास लागले.

"दिला," आबा म्हणाले. "बेचाळीस दिवस, सुकाणूशेट."

निवेदिकेने विचारले, की म्हणजे नक्की काय झालं? शेटजी आपल्या बोटाकडे पाहात होते, जणू ते दुसऱ्या कोणाचे असावे आणि या सभेस बोलावणे नसता आलेले असावे. आबांस मात्र हा सौदा रुचेना. चाळीस लागतात हे ठाऊक होते, बेचाळीस हाती आले होते, तरी सवयीच्या जाळ्यात धरलेला मासा हा, आणि समोर बसलेला मनुष्य बर्फ वितळलेली खोकी मुकाट उचलून नेणारा. एवढे जिंकलेले त्यांनी हातचे सोडावयास काढले.

"शेटजी, मान्य नसेल तर पुन्हा पुकारतो," ते हळू म्हणाले. "पहिल्यापासून."

शेटजींनी बोट खाली घेतले.

"नको. पुन्हा पुकारलंत तर पन्नासलाच हात जाईल." आणि मग ते कॅमेऱ्याकडे न पाहता आबांकडेच पाहून बोलले. "तेव्हा निदान डास तरी होता, आबा. आज तोही नव्हता. कान माझा, खूण माझी. बेचाळीस दिवस आमचा एक नांगर गवतावर पडणार नाही."

टपरीवर काय जल्लोष जाहला तो वर्णन करण्यास जागा नाही. पुष्कळ चहा सांडला, तो आरंभी सांगितलाच आहे. दवाखान्यात दंतवैद्यीणबाईंनी दाढ भरली, ती कोणाची व कोणती हे त्यांस मागाहून आठवेना. सोमवारी बंदर अधिकाऱ्याने दोन्ही बाजूंस हसून हुकमावर सही केली, आणि पन्नास बोटींचा तळ पलीकडच्या वाळूवर हलला. पाहुण्यांस जागेतला फरक कळलाही नाही, ते आपले फोटो काढीत राहिले.

मंडळाचे तिसरे फर्मान निघाले. त्यात पहिले कलम ताकिदीचे होते, की आबांनी तिसऱ्या वाक्याच्या जागी तेरा आकडे उच्चारले. दुसरे कलम नव्या टीशर्टचे होते, दोन माप मोठ्या.

मग दिवस मोजणे सुरू जाहले. तिसाव्या दिवशी पाणबुडीबाई तळास गेल्या आणि वर आल्या, आणि पाटीवर एकच ओळ होती, घड बंद. दंतवैद्यीणबाईंनी ती ओळ वाचली आणि आपल्याच हाताने लिहिलेला तीसचा कागद खणातून काढून फाडला.

एकोणचाळिसाव्या दिवशी घड उघडले. शेटजींनी आपली खासगी बोट काढली आणि आबा, घरधनीण, दंतवैद्यीणबाई व पाणबुडीबाई यांस घेऊन कुरणावर गेले, इंजिन बंद केले आणि नांगर न टाकता बोट वाहती ठेविली. काचेच्या तळाची बादली पाण्यात धरून एकेकाने डोकावले. खाली हिरवी पाती हलत होती आणि त्यांमधून शेकडो जीव तरंगत निघाले होते, प्रत्येकास दहा हात आणि अंगावर झरझर पालटणारे रंग, आणि बादलीची सावली पडताच एकाने रागावून शाईचा एवढासा ठिपका सोडला.

"सोललेले वाटाणे," घरधनीण म्हणाली.

आबा कितीतरी वेळ वाकून राहिले. एकतीस वर्षे ज्याने हा माल पुकारला, त्याने तो जिवंत ऐसा प्रथमच पाहिला, आणि तोंडून शब्द निघेना. ही त्या आवाजाची पहिली आणि एकमेव शांतता, ती येथे मुद्दाम नोंदली आहे.

येणेप्रमाणे गवताच्या कुरणाची मोहीम फत्ते जाहली, तह बेचाळीस दिवसांचा ठरला तो बेचाळीसही दिवस पाळला गेला, कोणी मेले नाही, पुष्कळ जन्मले, आणि हाळीआबांची सरदारकी कायम जाहली. परत येताना वाटेत शेटजींनी सहज विचारले, की आबा, पुढच्या वर्षी किती दिवस? आबांनी घसा खाकरला, पाठ ताठ केली आणि समुद्राकडे तोंड करून नव्वद म्हणाले. शेटजींनी सुकाणू घरधनिणीच्या हाती दिले आणि आपले दोन्ही हात मांडीखाली घालून बसले.